जुन्या पिकपच्या धुराची वाट

अमेरिकेत पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी शेतकऱ्याने गवताच्या गासड्या वाहण्यासाठी, सुताराने फळ्या नेण्यासाठी आणि एखाद्या गावच्या नगरपालिकेने खडी टाकण्यासाठी जी पिकप गाडी मुकाट्याने राबवली, जिच्या हौद्यावरून कोणी प्रेमाने हात फिरवला नाही आणि जिच्या वाट्याला ऊन, पाऊस, गंज व धन्याच्या शिव्या यांखेरीज फारसे काही आले नाही, तीच गाडी आज सुखवस्तू गृहस्थ मूळ किमतीच्या कित्येक पट दाम मोजून घरी आणतात, तिला रंगरोगण करतात आणि रविवारी सकाळी रस्त्यावर काढून लोकांच्या कौतुकाचे धनी होतात. या शौकाविषयी माझी काही तक्रार नाही; जुन्या यंत्रावर जीव लावणे हे मनुष्याच्या निरुपद्रवी व्यसनांपैकी एक आहे, असेच मी म्हणेन. माझी हरकत आहे ती गाडी घरी आल्यानंतर बहुधा पहिल्याच महिन्यात होणाऱ्या हेडरच्या खरेदीस, आणि तीही खरेदीस नव्हे, तर ती ज्या निकषांवर केली जाते त्या निकषांस.

इंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू एकत्र करून मागच्या पाइपात सोडण्यासाठी कारखाना जो जाड, ओतीव, बिडाचा मॅनिफोल्ड बसवतो, तो काढून त्याच्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी असलेला आणि त्या नळ्या पुढे कलेक्टर नावाच्या एका रुंद तोंडात मिळवणारा जो जुडगा लावतात, तो हेडर. मराठी वाचकास हे प्रकरण दूरचे वाटेल. परंतु जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना घातला आणि १९५४ साली तो बंद होईपर्यंत तेथून शेव्हरोलेच्या मोटारी व ट्रक आपल्या रस्त्यांवर उतरत राहिले, तेव्हा या घराण्याचे बिडाचे मॅनिफोल्ड आपल्या जुन्या मिस्त्रींच्या हातांस अपरिचित नव्हते. त्यांनी ते काढून फेकले नाहीत, तडा गेल्यास वेल्डिंग करून पुन्हा बसवले, याचे कारण दारिद्र्य हे तर होतेच. पण मालवाहू गाडीला काय लागते याची त्यांना असलेली समज हेही होते.

हेडरचा जन्म शर्यतीच्या मैदानावर झाला. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉकसारख्या आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्या भरधाव पळवीत, आणि १९३७ साली त्यांच्या मंडळांनी वेगाची अधिकृत नोंद ठेवण्यासाठी आपली मध्यवर्ती संघटनाही स्थापन केली. त्यांच्यापुढे जे फोर्डचे १९३२ चे व्ही-एट इंजिन होते, त्यात जळका वायू बाहेर पडण्यापूर्वी ब्लॉकच्या पोटातून, थंड पाण्याच्या कप्प्यांमधून वाट काढीत जाई आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच दार असे, त्यामुळे त्या तरुणांनी धुराच्या वाटेवर डोके चालवले यात नवल नाही. युद्धोत्तर काळात या खटपटीचे रूपांतर व्यापारात झाले. हेडमन, हुकर, डग थॉर्ली, सँडरसन ही नावे त्यातूनच पुढे आली आणि आजही जुन्या पिकपवाल्यांच्या तोंडी आहेत. या कारखान्यांविषयी मला आदरच आहे. परंतु त्यांच्या विद्येचा मूळ ग्राहक असा होता की ज्याला इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत चालवायचे होते, ज्याच्या गाडीत सामान नव्हते, आणि ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून बाजारात जायचे नव्हते.

आता प्रत्यक्ष एक गाडी डोळ्यांसमोर ठेवू. १९६७ ते १९७२ या सालांत निघालेली शेव्हरोलेची सी-टेन ही अर्ध्या टनाची पिकप आज या शौकाच्या केंद्रस्थानी आहे. १९५५ साली २६५ घनइंचांनी सुरू झालेल्या शेव्हरोलेच्या लहान व्ही-एट इंजिनाचे २८३, ३०७, ३२७ असे अवतार तिला मिळाले आणि १९६९ पासून ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, इंजिनही मिळू लागले. तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स, मागच्या धुरीचे ३.७३ चे गुणोत्तर आणि अठ्ठावीस इंच व्यासाचे टायर अशी मांडणी धरली, तर ताशी साठ मैल वेगाला या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे सत्तावीसशे फेरे घेते. गावातल्या गावात ते पंधराशे ते दोन हजारांच्या दरम्यान असते. पाच हजारांच्या वर ते वर्षातून किती मिनिटे जाते, याचा प्रामाणिक हिशेब मालकाने स्वतःशीच मांडावा. मला त्याच्या दप्तरात डोकावण्याची इच्छा नाही.

या हिशेबाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी नळीच्या आत काय घडते ते थोडे सावकाश पाहिले पाहिजे. दट्ट्या खाली पोहोचण्यापूर्वीच झडप उघडते आणि कोंडलेला तप्त वायू नळीत उसळतो. त्या उसळीबरोबर दाबाची एक लाट निघते, जी तप्त वायूतून सेकंदाला पाचशे मीटरांहून अधिक वेगाने पुढे जाते आणि नळी जेथे रुंद कलेक्टरात उघडते तेथे पोहोचताच उलट स्वरूपात, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन, झडपेकडे परतते. ही परतीची लाट नेमक्या वेळी पोहोचली तर सिलिंडरात उरलेला जळका वायू ओढून काढते आणि त्या क्षणी किंचित उघडलेल्या आतल्या झडपेतून ताजे मिश्रण आत खेचण्यास हातभार लावते. अवेळी पोहोचली तर तिचा उपयोग होत नाही, प्रसंगी अपाय होतो. लाटेचा वेग तिच्या स्वभावाने ठरलेला असल्यामुळे तिला वेळेवर आणण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे नळीची लांबी. इंजिन ज्या फेऱ्यांत राबणार ते फेरे जितके कमी, तितकी नळी लांब हवी. आणि लाटेखेरीज वायूच्या वस्तुमानाचाही वेग असतो: अरुंद नळीत तो वेगाने धावतो व आपल्यामागे पोकळी सोडतो, रुंद नळीत तो रेंगाळतो. दीड, एक पूर्णांक पाच अष्टमांश, पावणेदोन इंच हे बाजारातले सामान्य व्यास ऐकायला जवळजवळचे वाटतात. पण एक पूर्णांक पाच अष्टमांशावरून पावणेदोनवर गेले की आतले क्षेत्रफळ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते आणि कमी फेऱ्यांत वायूचा वेग त्या प्रमाणात घटतो. साध्या ३५० इंजिनाला पावणेदोन इंची नळी लावणारा गृहस्थ ज्या फेऱ्यांत तो कधी जात नाही तेथली शक्ती विकत घेतो आणि सिग्नलवरून निघताना जो जोर लागतो, तो आपल्या खुशीने सोडून देतो.

या इंजिनाच्या बाबतीत आणखी एक खोड आहे. त्याचे सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने पेटतात. डाव्या बाजूस १, ३, ५, ७ हे विषम अंकांचे सिलिंडर असल्यामुळे तेथे पाचवा व सातवा हे सख्खे शेजारी लागोपाठ, क्रँकच्या केवळ ९० अंशांच्या अंतराने पेटतात, आणि उजव्या बाजूस आठवा व चौथा, सख्खे शेजारी नसले तरी, तसेच लागोपाठ पेटतात. बिडाच्या आखूड मॅनिफोल्डात पाचव्याचा वायू अजून निघतो आहे तोच सातव्याची उसळी त्याच्या वाटेत आडवी येते. हेडरच्या स्वतंत्र लांब नळ्यांचा खरा लाभ येथे आहे: शेजाऱ्यांची गाठ पडते ती दूर, कलेक्टरात. ज्यांना हे आणखी काटेकोर हवे त्यांच्यासाठी चार नळ्यांच्या आधी दोन-दोनांच्या जोड्या करून मग त्या एकत्र आणणारा प्रकारही मिळतो, ज्यात लागोपाठ पेटणारे सिलिंडर एका जोडीत घेत नाहीत. १९६५ च्या शेल्बी मुस्टँगवर तो होता, आणि मधल्या फेऱ्यांत भरदार ओढ देण्याचा त्याचा लौकिक असल्याने पिकपच्या प्रकृतीस तो मानवतो. दुर्दैवाने कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर तो क्वचितच असतो, कारण वरच्या टोकाचे आकडे त्याच्याकडे कमी.

आणि हो, ज्या खर्जातल्या गुरगुरीसाठी अर्धे लोक हेडर घेतात, ती गुरगुर हेडर निर्माण करीत नाही. एका बाजूच्या चार सिलिंडरांचे धक्के १८०, ९०, १८०, २७० अशा असमान अंतरांनी पडतात म्हणून व्ही-एटला तो आवाज येतो. तो क्रँकच्या घडणीत आणि पेटण्याच्या क्रमात आहे, बिडाच्या मॅनिफोल्डातूनही तो तसाच येतो. पातळ पत्र्याच्या नळ्या त्यात स्वतःची भर घालतात ती एका टिणटिणीची, जी पहिल्या आठवड्यात पराक्रमासारखी वाटते आणि पुढे लांबच्या प्रवासात कपाळाला झिणझिण्या आणते.

आकड्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९७१ पर्यंत अमेरिकन कारखाने आपल्या इंजिनांची जी अश्वशक्ती छापीत, ती इंजिन स्टँडवर ठेवून, पंखा, अल्टरनेटर, गाडीचा खरा सायलेन्सर यांची कटकट दूर करून मोजलेली असे. १९७२ पासून हा सर्व संसार अंगावर असताना मोजलेली निव्वळ शक्ती छापण्याचा शिरस्ता पडला आणि त्याच गाड्यांचे आकडे कागदावर एकदम खाली आले. काही अंशी ते कमी दाबाच्या इंजिनांमुळे होते, पण पुष्कळ अंशी केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे. या घटनेपासून ग्राहकाने जो धडा घ्यायचा तो घेतला असता, तर आज हेडरच्या जाहिरातीत ‘इतकी अश्वशक्ती वाढेल’ असे वाचून तो हुरळून गेला नसता, कारण तोही आकडा पूर्ण थ्रॉटलवर, वरच्या टोकाच्या फेऱ्यांत आणि बहुधा मोकळ्या पाइपांनिशी मोजलेला असतो. विक्रेत्याला विचारण्याचा प्रश्न एवढाच: दोन हजार फेऱ्यांना काय मिळते? या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

याच कसोटीवर माझी सर्वाधिक नापसंती आखूड हेडरांवर आहे. लांब नळ्यांऐवजी ज्यांच्या नळ्या वितभर पुढे जाऊन एकमेकींत मिसळतात असे हे आखूड हेडर बसवायला सोपे, दिसायला देखणे आणि बॉनेट उघडल्यावर लोकांच्या नजरेत भरणारे असतात. परंतु लांब नळीचा जो एकमेव सिद्धांत, तोच त्यांनी सोडून दिलेला असतो. चांगल्या ओतीव मॅनिफोल्डाच्या तुलनेत त्यांच्याकडून मिळणारा लाभ नाममात्र आणि त्यांच्याबरोबर येणारे गॅस्केटचे गळणे मात्र पूर्ण मापाचे. ज्या गाडीच्या चासीत दुसरे काही मावतच नाही, स्टिअरिंग आडवे येते किंवा गाडी जमिनीलगत उतरवलेली आहे, तेथे आखूड हेडरास इलाज म्हणून मुभा द्यावी. हौसेने तो घेणाऱ्याने आपण दागिना घेतो आहोत हे मान्य करावे, मग माझे काही म्हणणे नाही.

मावण्या-न मावण्याचा हा प्रश्न कागदावर जितका क्षुल्लक वाटतो तितका तो गाडीखाली पाठीवर पडल्यावर राहत नाही. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ राहणारे माझे एक स्नेही, मूळचे कोल्हापूरचे, निवृत्त इंजिनिअर आणि स्वभावाने काटेकोर, त्यांनी आपल्या सी-टेनला लांब नळ्यांचा हेडर मागवला, तेव्हा त्यांच्या गॅरेजात मी हजर होतो. डाव्या बाजूचा जुडगा वरून उतरेना, खालून चढेना. शेवटी इंजिनाचे माउंट सैल करून ते जॅकने दोनेक इंच उचलले तेव्हा कुठे तो जागेवर गेला, आणि गेला म्हणून सर्वांनी निःश्वास टाकला तोच क्लचचे पेडल दाबल्यावर ‘खट्ट’ असा आवाज आला. या गाड्यांत क्लच केबलने नव्हे तर चासी आणि इंजिन यांच्या मध्ये आडव्या टाकलेल्या एका लोखंडी दांड्याने चालतो, आणि तो दांडा मागच्या नळीवर आपटत होता.

“अहो, कागदावर तर ‘सर्व सी-टेनसाठी’ असे छापले आहे!” स्नेही कळवळून म्हणाले.

“कागदाला क्लच नसतो,” मी म्हटले.

मिस्त्री मेक्सिकन होता, शांत होता. त्याने नळीवर खडूने खूण केली, जुडगा पुन्हा खाली उतरवला, खुणेची जागा टॉर्चने लालबुंद केली आणि गोल तोंडाच्या हातोडीने तेथे अंगठ्याएवढा खळगा पाडला. इतक्या खळग्याने वायूच्या वाहण्यात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. पण नव्याकोऱ्या, चकचकीत लेप दिलेल्या नळीवर स्वतःच्या पैशाने हातोडी पडताना पाहणाऱ्या धन्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मग उरले बोल्ट. प्रत्येक बाजूस सहा. त्यांची नेहमीची डोकी नळ्यांच्या वळणांत मावत नाहीत म्हणून हेडरसाठी लहान डोक्याचे बोल्ट मिळतात, आणि तेही मागच्या कोपऱ्यात पाना एका खेपेस जेमतेम षष्ठांश फेरा फिरेल अशा बेताने आवळावे लागतात.

म्हणून माझा आग्रह असा की, हेडर मागवण्यापूर्वी ग्राहकाने स्वतःच्या गाडीची कैफियत सविस्तर लिहून काढावी: क्लच पायाचा की गिअर स्वयंचलित, स्टिअरिंग साधे की पॉवरचे, एअर कंडिशनर आहे की नाही, हेड कोणत्या जातीचे, त्यातील स्पार्क प्लग सरळ की तिरपे. ऑइल फिल्टर या इंजिनाच्या डाव्या बाजूस मागे, स्टार्टर उजव्या बाजूस खाली. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्यांना कोणाच्या तरी अंगावरून जावे लागते. स्टार्टरला नळीची धग लागली की इंजिन तापल्यावर तो फिरण्यास नकार देतो आणि धनी पेट्रोल पंपावर दहा मिनिटे ताटकळत उभा राहतो. अल्टरनेटरची पट्टी कित्येक गाड्यांत मूळ मॅनिफोल्डालाच बोल्टने धरलेली असते. तो गेला की तिचा आधारही जातो. आणि उजव्या मॅनिफोल्डाच्या तोंडाशी एक छोटी, उष्णतेने हलणारी झडप असते, जी थंडीत इंजिन सुरू होताना तप्त वायू कार्बोरेटरच्या खालून फिरवून त्याला ऊब देते; चोकलाही तेथूनच उष्णता मिळते. हेडरबरोबर ही सारी व्यवस्था निघून जाते. फ्रेस्नोच्या उन्हात तिची आठवण होणार नाही. मिनेसोटाच्या जानेवारीत पहिली दहा मिनिटे गाडी आचके देऊ लागली म्हणजे होईल. चोक मग विजेचा घ्यावा लागतो, हा खर्च हेडरच्या किमतीत कोणी धरत नाही. सहा सिलिंडरांच्या सरळ रांगेच्या इंजिनात तर आत जाणारी आणि बाहेर येणारी अशी दोन्ही दारे एकाच बाजूस असल्यामुळे ही ऊब देण्याची सोय अधिकच महत्त्वाची ठरते. अशा गाडीच्या धन्याने दोनदा विचार करावा.

धातूविषयी थोडक्यात. स्वस्त हेडर अठरा गेजच्या, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या साध्या पोलादी नळीचा असतो. सोळा गेजची नळी दीड मिलिमीटरहून किंचित जाड, चौदाची दोनच्या घरात. दाम वाढवायचे असेल तर प्रथम ते येथे वाढवावे, आणि त्याहूनही आधी फ्लँजमध्ये: हेडच्या अंगाला टेकणारी ही पट्टी पाच षोडशांश इंचाची असली तर तापून-निवून ती वाकते आणि मग कितीही उत्तम पॅकिंग घातले तरी फुसफूस थांबत नाही; तीन अष्टमांशाची पट्टी हे सहसा होऊ देत नाही. क्रोमचा मुलामा उष्णतेने निळा-पिवळा पडतो. सिरॅमिकचा लेप, विशेषतः नळीच्या आतून-बाहेरून दिलेला, गंजापासून संरक्षण करतो आणि बॉनेटखालची धगही कमी करतो, त्यामुळे त्यावर केलेला खर्च मला कधी वायफळ वाटला नाही. नळ्यांना काचतंतूची पट्टी गुंडाळण्याची जी फॅशन आहे ती मात्र साध्या पोलादाच्या बाबतीत टाळावी: पट्टी ओलावा धरून ठेवते, नळी आतल्या आत कुजते, आणि अनेक निर्माते पट्टी दिसताच हमी रद्द करतात. स्टेनलेस उत्तम, टिकाऊ, महाग; जो गाडी मुलाला देऊन जाणार आहे त्याने घ्यावे.

एवढे सांगितल्यावर मी मूळ बिडाच्या मॅनिफोल्डाची वकिली केली तर तो विरोधाभास मानू नये. सी-टेनच्या लहान व्ही-एटवर येणारा, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे दोन्हीकडून वळून मधोमध खाली उतरणारा जो ओतीव मॅनिफोल्ड, तो कोणा आळशी कारकुनाने रेखाटलेला नाही. त्याच घाटाचे मॅनिफोल्ड कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या अभिमानाच्या गाडीलाही दिलेले होते. त्यात वायूला तीव्र कोपरे नाहीत, मधून उतरत असल्याने तो स्टिअरिंगला व चासीला चुकवून जातो, त्याचा जाड देह आवाज गिळतो, आणि पन्नास वर्षे तापून-निवूनही तो बहुधा सरळच राहतो. त्याचे तोंड दोन इंची आणि अडीच इंची अशा दोन मापांत मिळते. अडीच इंची जोड मिळवून त्याखाली सव्वादोन किंवा अडीच इंची दुहेरी पाइप, दोहोंना जोडणारी एक आडवी नळी आणि चांगले सायलेन्सर लावले, तर साध्या इंजिनाच्या, रस्त्यावरच चालणाऱ्या पिकपला जे मिळण्यासारखे आहे त्याचा मोठा हिस्सा मिळून जातो. कारखान्याच्या एकेरी, चिंचोळ्या पाइपात आणि जुनाट सायलेन्सरात जो अडथळा असतो तो न काढता पुढे हेडर लावणे म्हणजे तुंबलेल्या गटाराच्या तोंडाशी संगमरवरी पायरी बांधणे होय.

याच्या उलट बाजूस जे म्हणतात त्यांचेही ऐकले पाहिजे. हेडर वजनाला हलका असतो हे खरे. बीड तडकते आणि जुन्या मॅनिफोल्डाचे बोल्ट काढताना निम्मे तुटतात हेही खरे. ज्याने इंजिनाची कॅम बदलली, हेड बदलले, चांगला चार-तोंडी कार्बोरेटर बसवला, त्याच्या इंजिनाला बिडाचा मॅनिफोल्ड खरोखरच आखडतो, आणि ओझे ओढीत डोंगर चढणाऱ्याला लांब, अरुंद नळ्यांचा फरक टाचेखाली जाणवतो. अशा लोकांनी एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाच्या लांब नळ्या, जाड फ्लँज आणि तीन इंचांच्या आतला कलेक्टर घ्यावा. लहान २८३ किंवा ३०७ साठी दीड इंचही पुरे. माझा वाद त्यांच्याशी नाही. ज्याच्या इंजिनात काहीच बदललेले नाही आणि जो शेजाऱ्याच्या गॅरेजात पावणेदोन इंची नळ्या पाहून आला म्हणून पावणेदोन इंचीच मागवतो, त्याच्याशी आहे.

जो शेजारी गॅरेजवाला नाही त्याचाही विचार करणे प्राप्त आहे. कॅलिफोर्निया राज्यात धुराची तपासणी १९७६ पासूनच्या गाड्यांना लागू आहे. १९७५ पर्यंतच्या गाड्या तीतून मुक्त आहेत, आणि त्यापुढच्या गाडीला राज्याच्या वायुसंसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक नसलेला हेडर लावला तर ती तपासणीत नापास होते. सरकारी सीमारेषांवरून गाड्यांचे जन्म ठरतात याचे एक नामांकित उदाहरणही याच सालचे: १९७५ मध्ये फोर्डने एफ-१५० काढली ती सहा हजार पौंडांच्या वजनमर्यादेच्या किंचित वर, जेणेकरून उत्प्रेरक यंत्र आणि शिसेविरहित पेट्रोल यांची सक्ती तिला लागू नये, आज अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत गणली जाणारी ती गाडी अशी एका कलमातून निसटून जन्मली. पण १९७२ च्या सी-टेनला धुराची माफी आहे म्हणून आवाजाचीही सनद मिळाली असे नाही. त्याच राज्यात सहा हजार पौंडांखालील गाडीच्या धुराड्याला ९५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोकळ्या हेडरने पहाटे पाच वाजता गल्ली जागवणारा मनुष्य त्या मर्यादेच्या पलीकडे असतो. आपल्याकडे फटफट वाजणाऱ्या बुलेटचे बदललेले सायलेन्सर काढून घेऊन पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत मीही सामील आहे. जुन्या गाडीला समाजाने जी सवलत दिली ती तिच्या वयाकडे पाहून दिली, धन्याच्या उत्साहाकडे पाहून नव्हे.

हेडर घेतलाच तर दोन कामे राहतात, ज्यांचा उल्लेख पावतीवर नसतो. वायूची वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढते आणि कार्बोरेटरचे जुने जेट अपुरे पडतात. मिश्रण पातळ होते, गाडी थ्रॉटल सोडताना फटाके उडवते आणि झडपा नाहक तापतात. तेव्हा जेट बदलून, स्पार्क प्लगची टोके पाहून, मिश्रण पुन्हा जुळवून घ्यावे. दुसरे म्हणजे पहिल्या दोन-चार प्रवासांनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावा. आणि काढलेला मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. त्यात तुटून अडकलेले बोल्ट काढून, हेडला टेकणारी तोंडे घासून समतल करून, तेलाचा हात फिरवून तो माळ्यावर ठेवावा. गाडी विकायची झाली तेव्हा तिच्या सालाशी जुळणारे ओतीव अंक असलेला जोड आहे का, असे विचारणारे गिऱ्हाईक हमखास भेटते, आणि जोड आहे म्हटल्यावर ते भाव करताना हेडरविषयी एक शब्दही काढत नाही.